शिवलेली नौका : जुनी व नवी

पातळ प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेनें एकमेकींस टांचून, सांध्यांवर राळेंत भिजविलेल्या कांचतंतूंच्या पट्ट्या चिकटवून, घरच्या अंगणांत किंवा गाडीखान्यांत लहान होडी तयार करण्याची एक पद्धति इंग्लंडांत १९६० नंतरच्या दोनचार वर्षांत रूढ झाली व तेथून ती जगभर पसरली. इंग्रजींत तिला 'स्टिच अँड ग्लू' म्हणतात. ह्या लेखापुरतें आपण तिला 'टांका-राळ पद्धति' म्हणूं. ही पद्धति म्हणजे हिंदी महासागरांतील प्राचीन शिवलेल्या जहाजांच्या विद्येचाच पुनर्जन्म होय, असें विधान नौकाबांधणीच्या हौशी मंडळींच्या बोलण्यांत अनेकदां आढळतें. २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें 'कौंडिण्य' हें काथ्यानें शिवलेलें जहाज भारतीय नौदलांत दाखल झालें, तेव्हांपासून आपल्याकडेहि असा सूर ऐकूं येऊं लागला आहे. विधान ऐकावयास गोड आहे. परंतु गोड विधानेंच अधिक कसून तपासावीं लागतात. 'शिवणें' हा एकच शब्द दोन्हीकडे आला एवढ्यावरून क्रियाहि एकच ठरत नाहीं. दोन्ही ठिकाणीं टांका कोणतें काम करितो हें पाहिल्याशिवाय नात्याचा निर्णय करितां येणार नाहीं. प्रस्तुत लेखांत तेवढाच विचार केला आहे. मराठी आरमारांतील गुराबा-गलबतांच्या बांधणीचा प्रश्न स्वतंत्र व मोठा आहे. त्यास येथें हात घातलेला नाहीं.

नव्या पद्धतीची हकीकत आधीं सांगतों, कारण ती जवळची असून तिच्याविषयीं फारसा वाद नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत शिडाच्या लहान होड्यांची हौस मध्यम वर्गांत पसरूं लागली. युद्धापूर्वीं व युद्धकाळांत पाण्यानें न सुटणारे कृत्रिम सरस तयार झाले होते. त्यांच्या योगानें प्लायवुड, म्हणजे लांकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवून केलेली फळी, खाऱ्या पाण्यांतहि टिकूं लागली. 'मॉस्किटो' नांवाचें ब्रिटिशांचें लढाऊ विमान मुख्यतः अशाच लांकडाचें केलेलें होतें. जॅक होल्ट ह्या नौकारचनाकारानें प्लायवुडच्या लहान होड्यांचे अनेक आराखडे काढले. 'कॅडेट' १९४७ मधील, 'जी. पी. १४' १९४९ मधील व 'एंटरप्राइज' १९५६ मधील. ह्यांपैकीं शेवटची होडी 'न्यूज क्रॉनिकल' ह्या दैनिकाच्या पुरस्कारानें निघाली. वृत्तपत्रानें होडी काढावी ही गोष्ट आपणांस चमत्कारिक वाटेल, पण तेथें तो एक प्रघातच पडत चालला होता. ह्या होड्या घरीं बांधतां येत. तथापि बांधणाऱ्यास आधीं आंतली चौकट उभारावी लागे, तिच्यावर फळ्या वांकवून बसवाव्या लागत व त्यांच्या कडा रंध्यानें तासून जुळवाव्या लागत. सुताराचा हात थोडाफार तरी लागेच.

ही चौकटच अजीबात काढून टाकण्याची युक्ति केन लिटलडाइक ह्या इंग्रज गृहस्थानें लहान कयाकांच्या बाबतींत योजिली. तिला खरी प्रसिद्धि मिळाली ती मात्र बॅरी बकनेल (१९१२–२००३) ह्याच्यामुळें. बकनेल हा बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर घरदुरुस्तीचीं कामें स्वतः करून दाखवीत असे व त्या काळच्या इंग्रज घरांत त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. त्यानें तारेनें टांचून बांधावयाच्या शिडाच्या होडीची कल्पना पुढें मांडली, होल्टनें तिचा आराखडा शिडाच्या शास्त्रास धरून नीट केला, व 'डेली मिरर' ह्या दैनिकानें ती उचलून धरली. १९६३ च्या आरंभीं लंडनच्या नौकाप्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. तिचें नांवहि 'मिरर'च. लांबी सुमारें ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटरच्या आंत, मोकळ्या होडीचें वजन सुमारें ४५ किलो; म्हणजे दोघांनीं उचलून मोटारीच्या टपावर ठेवावी अशी. नाळ टोकदार नसून आखूड व चपटी. त्यामुळें थोड्या लांबींत आंत जागाहि अधिक मिळते आणि पुढल्या टोकाशीं फळ्यांना तीव्र पीळ द्यावा लागत नाहीं. डोलकाठी दोन तुकड्यांत विभागलेली, जेणेंकरून सर्व काठ्या होडीच्या पोटांतच मावाव्या. शिडें तांबडीं, कारण वृत्तपत्राच्या मथळ्याचा रंग तांबडा. तयार कापलेल्या तुकड्यांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग ठेविली होती. 'डेली मिरर'चा वाचक मुख्यतः कामकरी वर्गांतला होता. ज्याला बांधलेली होडी विकत घेणें परवडत नाहीं त्यानें ती घरीं बांधावी, असा त्यांत उघड हेतु होता. तो साधलाहि. पुढें ह्या जातीच्या सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या, व केवळ इंग्लंडांतच नव्हे तर ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, नेदर्लंड्स, सिंहलद्वीप इत्यादि ठिकाणीं त्या शिडें उभारून फिरल्या.

आतां प्रत्यक्ष क्रिया पाहूं. प्लायवुडचे तळाचे दोन तुकडे व बाजूंचे दोन तुकडे आराखड्याप्रमाणें सपाट स्थितींतच कापावयाचे. पुढला व मागला असे दोन आडवे तुकडे, आणि मधले आडोसे, हेहि तसेच. कांठापासून थोड्या अंतरावर ठराविक टप्प्यानें भोंकें पाडावयाचीं. तळाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून मधल्या कडेला तारेचे टांके सैल घालावयाचे व मग पुस्तक उघडावें तसे ते उघडावयाचे. त्यांना बाजूंचे तुकडे टांचले, पुढें व मागें आडवे तुकडे बसविले, आणि तारा पक्कडीनें पिळल्या कीं फळ्या आपोआप वांकून होडीचा आकार घेतात. ह्यांत गूढ कांहीं नाहीं. प्लायवुड एका दिशेनें वांकतें. एकाच वेळीं दोन दिशांनीं वांकत नाहीं. कागदाची पुडी वळतां येते, वाटी वळतां येत नाहीं, तसेंच हें. म्हणून दोन फळ्यांच्या वांकड्या कडा एकमेकींस जुळविल्या म्हणजे फळीला वांकण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तोच होडीचा आकार. शिंपी कापड बेततो तेव्हांच अंगरख्याचा आकार ठरतो. दोरा तो आकार फक्त प्रकट करितो.

प्रस्तुत लेखकास सुतारकामाचा हात नाहीं. तथापि केवळ वर्णनावर विसंबून निर्णय देणें बरें नव्हे, म्हणून जाड पुठ्ठ्याचे सहा तुकडे बेतून, दाभणानें भोंकें पाडून व गोधडीच्या दोऱ्यानें शिवून हातभर लांबीचा एक नमुना केला. पहिला प्रयत्न फसला. दोन्ही बाजू निरनिराळ्या कापल्यामुळें एक बाजू दुसरीपेक्षां दोन सूत लांब झाली, आणि सर्व टांके आवळतांच होडी मुरगळल्यासारखी झाली. पुढला कांठ डावीकडे कललेला, मागला उजवीकडे. दुसऱ्या खेपेस दोन्ही बाजू एकत्र धरून कापल्या, टांके आधीं सर्वत्र सैल घातले व नंतर डावा-उजवा असे आळीपाळीनें थोडथोडे आवळले. होडीच्या दोन टोकांवर दोन सरळ काड्या आडव्या ठेवून मागून डोळ्यानें पाहिलें. काड्या एका रेषेंत दिसेपर्यंत टांके ढिले-घट्ट केले. शेवटच्या आडव्या तुकड्याचा टांका बसेपर्यंत पुठ्ठा लोळागोळा होता. तो टांका बसतांच आकार एकदम उभा राहिला. अनुभवी लोक ह्या पद्धतींत कापण्यापेक्षांहि टांके जुळविण्यावर अधिक वेळ खर्च करावा असें कां सांगतात, तें तेव्हां कळलें. राळ एकदां वाळली म्हणजे मुरगळ कायमची होते. घरांतील मुलांनीं तो नमुना नंतर परातींतील पाण्यांत सोडला व तो पाहतां पाहतां बुडाला. त्याला राळ लावलेलीच नव्हती.

ह्या बुडण्यांतच नव्या पद्धतीचें मर्म आहे. तारेचा टांका पाणी अडवीत नाहीं. होडीवर येणारा भारहि तो फार काळ वाहत नाहीं. त्याचें काम फळ्या योग्य जागीं धरून ठेवण्याचें. आंतल्या सांध्यावर राळेंत भिजविलेली कांचतंतूंची पट्टी बसवून ती वाळली कीं होडी उलटी करावयाची, बाहेरून दिसणाऱ्या तारा कापून घांसून टाकावयाच्या, कड गोल करावयाची व बाहेरूनहि पट्टी चढवावयाची. पहिल्या 'मिरर' होड्यांत पॉलिएस्टर राळ वापरीत. ती लांकडास फार वर्षें घट्ट धरून राहत नाहीं, आणि जुन्या होड्यांच्या पट्ट्या उकलूं लागल्याच्या तक्रारी होत्या. १९७० नंतर इपॉक्सी जातीची राळ हौशी लोकांच्या हातीं आली. तींत लांकडाचा बारीक भुसा कालवून केलेली लापी आंतल्या कोपऱ्यांत गोलाकार भरली म्हणजे सांधा इतका मजबूत होतो कीं तो मोडावयास गेल्यास बहुधा शेजारचें लांकूड आधीं मोडतें. तेव्हांपासून तार सबंधच काढून टाकण्याची चाल पडली. कित्येक लोक तारेच्या जागीं प्लॅस्टिकचे बंद वापरतात. म्हणजे जी वस्तु नांवांत आधीं येते ती तयार होडींत शोधूनहि सांपडत नाहीं. शिंपी पक्की टीप घालण्यापूर्वीं कच्ची शिवण घालतो व मग ती ओढून टाकतो, तशी ही तार आहे. पक्की टीप म्हणजे राळ.

जुन्या शिवलेल्या जहाजाची गोष्ट निराळी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत, ज्यांत आपल्या कल्याण व चौल ह्या बंदरांचाहि उल्लेख आहे, ओमाना येथून अरबस्तानाकडे जाणाऱ्या शिवलेल्या 'मदरत' नांवाच्या नौकांचें वर्णन आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका पेठेचें 'ऱ्हाप्ता' हें नांवच तेथील शिवलेल्या होड्यांवरून पडलें असें तो ग्रंथकार सांगतो. सहाव्या शतकांतील प्रोकोपियस हा इतिहासकार लिहितो कीं, हिंदी समुद्रांतील जहाजांना डांबर लावीत नाहींत व त्यांच्या फळ्या लोखंडानें न जोडतां दोरांनीं बांधतात. समुद्रांत लोहचुंबकाचे खडक असून ते जहाजांतील खिळे ओढून घेतात, ही समजूत त्याच्याहि कानीं आली होती. तिचें त्यानें चांगलें खंडन केलें आहे : रोमन लोकांच्या जहाजांत पुष्कळ लोखंड असूनहि तांबड्या समुद्रांत त्यांना कधीं अपाय झाला नाहीं. एवढ्या चिकित्सक लेखकानें पुढें मात्र चूक केली. हिंदी लोकांजवळ लोखंडच नाहीं व रोमन कायद्यानें तें त्यांना विकण्याची बंदी आहे, म्हणून ते दोर वापरतात, असें कारण त्यानें दिलें. 'पेरिप्लस'कार तर अरिआके प्रांतांतून हिंदी लोखंड व पोलाद आफ्रिकेच्या बंदरांत जात असल्याचें स्पष्ट नमूद करितो. अरिआके म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्याचा भाग. जेथून पोलाद बाहेर जात होतें तेथें खिळ्यांपुरतें लोखंड मिळत नव्हतें, हें संभवत नाहीं. चुंबकाची समजूत मात्र चिवट निघाली. भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांतहि समुद्रगामी नौकेस लोहबंध नसावा असें सांगून तेंच कारण दिलें आहे. ग्रंथांत कारण दिलें आहे म्हणून तेंच सुताराचें कारण होतें असें मानूं नये. सुतार करीत असतो एका कारणानें व पंडित त्याची उपपत्ति लावतो दुसऱ्या.

मग खरें कारण कोणतें? मध्ययुगांतील दोन प्रवाशांच्या लेखांची तुलना येथें उद्बोधक होईल. मार्को पोलोनें होर्मुझ येथें नारळाच्या काथ्यानें शिवलेलीं जहाजें पाहिलीं व तीं अगदीं टाकाऊ ठरविलीं. लांकूड कठीण व ठिसूळ असल्यामुळें खिळा ठोकल्यास तें फुटतें म्हणून हे लोक शिवतात, आणि अशा जहाजांतून जाणें धोक्याचें असून पुष्कळ जहाजें बुडतात, असें तो म्हणतो. सुमारें अर्ध्या शतकानंतर आलेला इब्न बतूता त्याच शिवणीकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. हिंदुस्थान व येमेन येथील जहाजें मालदीवच्या काथ्यानें शिवतात असें सांगून तो लिहितो कीं, ह्या समुद्रांत खडक फार; खिळ्यांचें जहाज खडकावर आपटलें तर फुटतें, दोरानें शिवलेलें लवचिक असल्यामुळें फुटत नाहीं. एक भूमध्य समुद्रावरील व्हेनिसचा व्यापारी, दुसरा ह्याच समुद्रांतून वर्षानुवर्षें फिरलेला. आमच्या मतें दुसऱ्याची साक्ष अधिक ग्राह्य. मद्रासच्या किनाऱ्यावर धक्का बांधला जाण्यापूर्वीं उतारूंना व मालाला लाटांतून किनाऱ्यास आणणाऱ्या 'मसुला' होड्याहि शिवलेल्याच असत, व त्यांचें कारणहि हेंच होतें. वाळूवर आपटतांना होडीचें अंग थोडें हललें पाहिजे. न हलणारी होडी तेथें तडकते.

ही लवचिकता टांक्यांतून येते. शिवलेल्या जहाजांत फळीच्या कांठालगत दोन्ही फळ्यांना भोंकें पाडतात, सांध्यावर आंतून काथ्याची जाड वळी बसवितात व तिच्यावरून दोर एका भोंकांतून दुसऱ्या भोंकांत घेऊन दांडक्यानें पीळ देऊन आवळतात. वळी दाबली जाऊन फट बुजते. पाण्यांत काथ्या फुगतो व ती अधिक घट्ट बसते. भोंकेंहि काथ्यानें बुजवितात. वरून राळ, माशाचें तेल इत्यादि लेप देतात. येथेंहि राळ आहेच, हें लक्षांत ठेवावें. पण तिचें काम पाणी अडविण्याचें व दोर कुजूं न देण्याचें. भार वाहतो तो दोर. म्हणून दोर जुना झाला कीं जहाज उसवून पुन्हां शिवावें लागतें, आणि उसवितां येतें म्हणूनच एखादी कुजलेली फळी काढून नवी घालणें सोपें असतें. असलीं जहाजें किनाऱ्याकिनाऱ्यानेंच फिरत, अशी शंका घेण्यासहि आतां जागा नाहीं. १९९८ सालीं इंडोनेशियांतील बेलितुंग बेटाजवळ एक नवव्या शतकांतील बुडालेलें जहाज सांपडलें. त्याच्या फळ्या शिवलेल्या असून पोटांत चीनच्या तांग राजवटींतील सुमारें साठ हजार मातीचीं भांडीं होतीं.

आतां दोन्ही टांके समोरासमोर ठेवून पाहिले तर काय दिसतें? जुन्या जहाजांत टांका कायमचा, नव्या होडींत तात्पुरता. जुन्यांत सांधा हलावा हा गुण, नव्यांत सांधा मुळींच हलूं नये हा गुण. जुन्यांत राळ टांक्याची चाकरी करिते, नव्यांत टांका राळेची. जुनें जहाज उसवून दुरुस्त होतें. नवी होडी उसवितां येत नाहीं, कापावी लागते. इतका मूलभूत विरोध असतां एकीस दुसरीची कन्या म्हणणें शक्य नाहीं. शिवाय उगमाचा पुरावाहि नाहीं. बकनेल व होल्ट ह्यांच्यापुढें जो प्रश्न होता तो प्लायवुड, कांचतंतु व राळ ह्या तीन नव्या द्रव्यांमुळें निर्माण झालेला होता. त्यांना शिवण सुचण्यास हिंदी महासागराकडे पाहण्याची गरज नव्हती. तसें पाहिलें तर त्यांच्याच देशांत हंबर नदीच्या कांठीं फेरिबी येथें १९३७ मध्यें यू वृक्षाच्या फांद्यांनीं शिवलेल्या कांस्ययुगीन होडीचे अवशेष सांपडले होते. मिसरांतील खुफूची नौका, जी १९५४ मध्यें पिरॅमिडच्या पायथ्याशीं सांपडली, तीहि दोरांनीं बांधलेली आहे. फळीला फळी दोरानें बांधणें ही कल्पना अनेक देशांत स्वतंत्रपणें उद्भवली, हेंच त्यावरून दिसतें. तिच्यावर कोणा एका देशानें मालकी सांगूं नये.

एवढें खंडन केल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि आमच्या मतें ती ह्या साऱ्या चर्चेंतील महत्त्वाची गोष्ट होय. यूरोपांत इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू अशी रीति पडली कीं, आधीं पठाण व बरगड्या ह्यांचा सांगाडा उभा करावयाचा व मग त्यावर फळ्या ठोकावयाच्या. जहाजाचा आकार सांगाड्यांत असतो. शिवलेल्या जहाजाचा क्रम उलट आहे. तेथें पठाणापासून एकेक फळी तिच्या शेजारणीस शिवीत वर जावयाचें, आणि कवच उभें राहिल्यावर आंत बरगड्या बसवावयाच्या. आकार फळ्यांच्या कडांत असतो. टांका-राळ होडींतहि आकार कडांतच असतो. म्हणजे यूरोपीय सुतारानें जो क्रम हजार वर्षांपूर्वीं सोडला, तो इंग्लंडांतील हौशी माणसानें गाडीखान्यांत पुन्हां धरला. हें अनुकरण नव्हे, पण साम्य खरें आहे. आणि टांक्यावरून नातें जोडणाऱ्यांनीं तें नेमकें चुकीच्या ठिकाणीं शोधलें.

मात्र ह्या साम्यांतहि एक फरक उरतो. कडेची ती वांकण कोण ठरवितो? जुन्या जहाजांत ती बांधणाऱ्या मिस्त्रीच्या डोळ्यांत असे. फळी लावून पाहावयाची, तासावयाची, पुन्हां लावावयाची. कागद नाहीं. 'मिरर'मध्यें ती होल्टच्या आराखड्यांत गेली, आराखड्यावरून कारखान्यांत गेली, व घरीं आली ती कापलेल्या फळीच्या रूपानें. बांधणाऱ्यास कांहीं जाणावें लागत नाहीं, म्हणूनच कारकून, शिक्षक, गिरणीकामगार होडी बांधूं शकला. हा लाभ मोठा आहे व त्यास नाक मुरडण्याचें कारण नाहीं. शतकानुशतकें ज्या विद्येचीं दारें बंद होतीं तीं त्यानें उघडलीं. पण अशा दहा होड्या बांधलेल्या माणसालाहि अकरावी होडी स्वतः बेततां येईलच असें नाहीं. उलट हातांत असलेली विद्या हाताबरोबर जाते. आराखडा राहतो.

ही भीति काल्पनिक नाहीं. गोमंतकांतील शिवलेल्या होड्यांवर आपल्याकडील संशोधकांनीं २०१२ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां ती कला प्रत्यक्ष पाहून लिहितां आली. 'कौंडिण्य' बांधतांना काय झालें तें पाहावें. जुलै २०२३ मध्यें केंद्र सरकारचें संस्कृतिमंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यांतील 'होडी इनोव्हेशन्स' ह्यांच्यांत करार झाला. अजिंठ्याच्या चित्रांतील पांचव्या शतकाच्या सुमाराचें जहाज हा आधार धरिला, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें काम सुरू झालें. जुना आराखडा एकहि नव्हता. चित्रावरून बाह्य आकार, शिडें व सुकाणू ह्यांची कल्पना आली. परंतु फळीला फळी कशी जोडावी हें चित्रांत येत नाहीं, येऊंहि शकत नाहीं. तें केरळांतील कारागिरांच्या हातांत होतें. बाबू शंकरन् ह्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं त्यांनीं काथ्याच्या दोरानें हजारों टांके घातले. जहाजाच्या आकृतीची पाण्यांतील वागणूक मद्रासच्या आय. आय. टी.मध्यें नमुन्यावर तपासून घेतली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस तें पोरबंदराहून मस्कतकडे निघालें व जानेवारी २०२६ मध्यें तेथें पोहोंचलें. ह्या जहाजास अजिंठ्याच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृति म्हणणें इतिहासदृष्ट्या बरोबर नाहीं. तें आजच्या केरळीय हातानें वाचलेलें पांचव्या शतकांतील चित्र आहे. पण तो हात नसता तर चित्र वाचतांच आलें नसतें.

कोंकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावर काथ्याच्या शिवणीचें काम जाणणारे वृद्ध कारागीर कोठें असतील तर त्यांच्याकडून तीन गोष्टी टिपून ठेवणें अगत्याचें आहे : टांक्यांच्या निरनिराळ्या प्रकारांचीं व होडीच्या अवयवांचीं स्थानिक नांवें, दोर कोणत्या काथ्याचा, किती पदरी व किती वर्षांनीं बदलीत, आणि फळीची कड तासतांना मिस्त्री माप कसें घेई, दोरीनें, काठीनें कीं केवळ नजरेनें. मंडळाच्या सभासदांपैकीं किनाऱ्यावर ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांनीं अशी माहिती, जमल्यास एखाद्या जुन्या शिवलेल्या फळीच्या तुकड्यासह, मंडळाच्या दप्तरीं पाठविल्यास ती साभार नोंदविली जाईल.